जर्मनीत नोकरी बदलताय? राजीनाम्याआधी कार्डासोबतचा हिरवा कागद काढून वाचा

महिन्यातून एकदा तरी आपल्याकडच्या कुठल्या तरी पोराचा फोन येतोच आणि सुरुवात ठरलेली असते, "दादा, दुसरीकडून ऑफर आलीये, पेपर टाकू का?" माझं उत्तरही ठरलेलं. थांब, आधी हातात कार्ड कुठलं आहे ते सांग. बहुतेकांना ते धड सांगता येत नाही. "वर्क व्हिसा आहे ना दादा" एवढंच माहीत असतं. मीही असाच होतो, २०२२ मध्ये पुण्यातल्या कंपनीकडून इकडे एका गाडीवाल्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर आलो तेव्हा मला वाटायचं व्हिसा म्हणजे व्हिसा, त्यात काय प्रकार असायचेत. नंतर दोनदा नोकरी बदलली, एकदा कार्डाचा प्रकार बदलला, एकदा नुसताच मालक बदलला, आणि दोन्ही वेळी नियम पूर्ण वेगळे निघाले. ते सगळं इथे एकदाच लिहून ठेवतोय म्हणजे फोनवर तेच तेच बोलायला नको.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, पुढचं मग सोपं जातं. नोकरी बदलताना इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसशी, म्हणजे आउसलेंडरबेहर्डेशी, तुमचा संबंध तीनपैकी एका प्रकारचा असतो. एक तर तुम्हाला त्यांना फक्त सांगायचं असतं, नाही तर विचारायचं असतं, नाही तर नवीन कार्डच मागायचं असतं. यातलं आपलं कुठलं हे कार्डावर ठरतं. सांगायचं असताना परवानगीची वाट बघत बसलात तर ऑफर हातची जाते, आणि मागायचं असताना नुसतं सांगून कामावर रुजू झालात तर ते बेकायदेशीर काम धरलं जातं. दुसरी चूक निस्तरायला वकील लागतो.

पहिली पायरी, कार्ड ओळखा

आपण सगळ्यालाच व्हिसा म्हणतो पण व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा तो स्टिकर, तो इथे आल्यावर काही महिन्यांत संपतो. त्यानंतर जे प्लास्टिकचं कार्ड मिळतं ते खरं. त्याच्यावर प्रकार लिहिलेला असतो. आयसीटी-कार्टे असेल तर तुम्ही भारतातल्या कंपनीचे नोकर आहात आणि त्यांच्याच ग्रुपमधल्या इथल्या शाखेत पाठवले गेला आहात. ब्लाउए कार्टे एऊ म्हणजे आपलं ब्लू कार्ड, ठरावीक पगाराच्या वरच्या डिग्रीवाल्यांचं. नुसतं आउफेन्टहाल्ट्सएरलाउब्निस म्हणजे राहायचा साधा परवाना असेल तर शेऱ्यात इथल्या निवास कायद्याचं कलम बघा, १८ए म्हणजे आयटीआय-नर्सिंगसारखं व्यावसायिक शिक्षण घेतलेले, १८बी म्हणजे डिग्रीवाले पण ब्लू कार्ड नसलेले.

आता कार्डासोबत एक हिरवट घडीचा कागद दिलेला असतो, त्याला त्सूझात्सब्लाट म्हणतात, आणि शंभरातले नव्वद लोक तो फायलीत टाकून विसरून जातात. बायकोने आमचा कागद किराणाच्या बिलांच्या पाकिटात ठेवला होता, तो शोधायला अर्धा रविवार गेला. अटी सगळ्या त्याच कागदावर असतात. तिथे कंपनीचं नाव लिहून "फक्त यांच्याकडेच काम" अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते नाव बदलल्याशिवाय तुम्हाला दुसरीकडे बसता येत नाही. जर्मन येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून भाषांतर करा, पण शब्द न् शब्द वाचा.

आयसीटीवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या

आपल्या पुण्या-हिंजवडीच्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आयसीटी कार्ड मॅनेजर आणि स्पेशालिस्ट लोकांना जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं आणि ते त्या कंपनीला बांधलेलं असतं. दुसऱ्या मालकाकडे ते ट्रान्सफर होतच नाही. म्हणजे तुम्हाला नवीन कार्डच मागायचं आहे, बहुतेक वेळा ब्लू कार्ड. चांगली गोष्ट अशी की त्यासाठी भारतात परत जाऊन पुन्हा व्हिसाची लाइन लावावी लागत नाही, कार्ड चालू असताना इथल्या इथे अर्ज करता येतो. पण नवीन कार्ड मिळेपर्यंत नवीन कंपनीत एक दिवसही काम करायचं नाही, ट्रेनिंगला बसायचं नाही, "नुसता लॅपटॉप घेऊन जा" म्हणाले तरी जायचं नाही.

खरी गोची राजीनाम्याची आहे. तुमचा करार भारतातल्या कंपनीशी असतो, नोटीस साठ किंवा नव्वद दिवसांची असते, आणि तुम्ही पेपर टाकला की दुसऱ्याच दिवशी एचआर म्हणू शकतं की डिप्युटेशन संपलं, पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलंय, उरलेली नोटीस पुण्यात येऊन पूर्ण करा. ते तसं करू शकतात, आणि तुमच्या आयसीटी कार्डाचा आधारच ती नेमणूक असल्यामुळे ती संपली की इथे राहायचं कारणही संपतं. माझ्या ओळखीतल्या एकाला असंच अकरा दिवसांत सामान गुंडाळून जावं लागलं, बायको सातव्या महिन्यात, घराची नोटीस तीन महिन्यांची, भाडं भरत बसला पुण्यातून. शेवटी त्याने मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडून ब्लू कार्डचा व्हिसा काढला आणि परत आला, त्यामुळे सगळं बुडालं असं नाही, पण मधले महिने गेलेच.

म्हणून क्रम असा ठेवा. नवीन कंपनीकडून सही केलेला करार घ्या आणि जॉइनिंगची तारीख मुद्दाम चार-पाच महिने पुढची मागा, जर्मन कंपन्यांना याची सवय असते कारण इथल्या लोकांच्याही नोटिसा लांब असतात, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मग ब्लू कार्डचा अर्ज करा. ऑफिसचा होकार लेखी, निदान मेलवर, आल्याशिवाय पुण्याला एक अक्षर कळवू नका. होकार आला की राजीनामा, आणि नवीन कार्ड कुठल्या तारखेपासून लागू व्हावं हेही ऑफिसला स्पष्ट लिहून मागा, कारण ब्लू कार्ड नवीन कंपनीसाठी असणार, ते लागू झालं की जुन्या कंपनीचं काम त्यावर बसत नाही. बाँडची रक्कम, रीलोकेशनचे पैसे परत देण्याची अट, हे सगळं भारतातल्या करारात आधी वाचून ठेवा, शेवटच्या आठवड्यात वाचू नका.

आणखी एक गोष्ट, ही मला कोणीच सांगितली नव्हती. भारत आणि जर्मनीमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू, त्यामुळे पाठवलेल्या माणसाचा पीएफ भारतातच चालू राहतो, ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढलं की ४८ महिन्यांपर्यंत इथल्या पेन्शनमध्ये पैसे भरायची गरज नसते. कंपनीला आणि आपल्याला तेव्हा ते बरं वाटतं. पण कायमच्या परवान्यासाठी म्हणजे पीआरसाठी जे महिने मोजतात ते ब्लू कार्डच्या नोकरीचे आणि इथल्या पेन्शनमध्ये भरणा केलेले महिने. म्हणजे आयसीटीवर काढलेली दोन-अडीच वर्षं त्या हिशोबात शून्य. बेकारभत्त्याचंही तेच, भरलंच नाही तर मिळणार कुठून. मी पावणेदोन वर्षं आयसीटीवर काढली आणि सहकाऱ्यांना सांगत फिरलो की अजून सहा महिन्यांत पीआर, मग ऑफिसमधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुमचा पहिला महिना हा आहे. चेहरा बघण्यासारखा झाला असणार माझा. त्यामुळे इथेच राहायचा विचार असेल तर आयसीटीवर उगाच रेंगाळू नका.

पगाराचा आकडा करारावर सही करण्याआधी तपासा

ब्लू कार्डासाठी वर्षाच्या ग्रॉस पगाराची किमान मर्यादा आहे आणि ती दर जानेवारीला बदलते. ती हवेतून येत नाही, पेन्शन भरण्याची जी कमाल पगारमर्यादा असते तिच्या ५० टक्के, आणि तुटवड्याच्या व्यवसायांना ४५.३ टक्के. २०२५ मध्ये हे आकडे ४८,३०० आणि ४३,७५९.८० युरो होते, २०२६ साठी ५०,७०० आणि ४५,९३४.२० युरो आहेत. आयटी, इंजिनिअर, डॉक्टर वगैरे तुटवड्याच्या यादीत येतात, आणि डिग्री मिळून तीन वर्षं झाली नसतील तर कुठल्याही क्षेत्रात खालचा आकडा चालतो. फरक एवढाच की खालच्या आकड्यावर अर्ज केला तर रोजगार संस्थेची म्हणजे बुंडेसआगेंटूरची संमती लागते, वरच्या आकड्यावर लागत नाही. दोन-तीनशे युरोंनी वरचा आकडा हुकत असेल तर एचआरला तेवढं वाढवून द्यायला सांगा, एक टेबल कमी होतं.

यात बोनसचा भरवसा धरू नका. करारात हमखास मिळणारा जो पगार लिहिलाय तोच मोजतात, "कामगिरीनुसार दहा टक्क्यांपर्यंत" हे ऑफिसच्या लेखी शून्य. आणि डिसेंबरमध्ये जुन्या आकड्याला जेमतेम टेकलेला करार करून जानेवारीत अर्ज कराल तर नवीन आकडा लागेल, ही फजिती दरवर्षी कोणाची तरी होते. करार किमान सहा महिन्यांचा हवा, आणि काम तुमच्या शिक्षणाला साजेसं हवं.

आयटीवाल्यांना एक सवलत आहे, डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या पातळीचा अनुभव असेल तर खालच्या पगारमर्यादेवर ब्लू कार्ड मिळू शकतं. डिप्लोमा करून पुढे आलेल्या पोरांनी हे जरूर बघावं.

आधीच ब्लू कार्ड आहे आणि कंपनी बदलायचीये

इथे जुनी माहिती फार फिरते. "पहिली दोन वर्षं परवानगी लागते" असं तुम्हाला अजूनही दहा जण सांगतील. तो नियम होता, आता नाहीये. १८ नोव्हेंबर २०२३ पासून कायदा बदलला. आता ब्लू कार्डच्या नोकरीचे पहिले बारा महिने पूर्ण व्हायच्या आत बदललंत तर ऑफिसला कळवायचं, त्यांना तो बदल तीस दिवसांपर्यंत रोखून धरता येतो आणि तेवढ्यात तपासून ब्लू कार्डच्या अटी बसत नसतील तर नाही म्हणता येतं. बारा महिन्यांनंतर परवानगी वगैरे काही नाही. ज्यांच्या हिरव्या कागदावर अजून जुनं दोन वर्षांचं वाक्य छापलेलं आहे त्यांनी घाबरू नका, पण नवीन एचआरला ते वाक्य दिसलं की तेच घाबरतात, तेव्हा त्यांना निवास कायद्यातलं ब्लू कार्डचं कलम १८जी दाखवा.

मी स्वतः नवव्या महिन्यात बदलली. त्याचं तंत्र सांगतो. जॉइनिंगच्या किमान सहा-सात आठवडे आधी मेल टाकला. विषयात आर्बाइटगेबरवेक्सेल म्हणजे मालक बदल, पुढे ब्लाउए कार्टे एऊ, आडनाव आणि जन्मतारीख, कारण तिथे फायली जन्मतारखेने शोधतात. मेलमध्ये चारच ओळी, जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस, नवीनचा पहिला दिवस, पगार, आणि जोडलेल्या कागदांची यादी. यादीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नवीन कंपनीने भरून द्यायचा फॉर्म, एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस. नाव उच्चारता उच्चारता दम लागतो पण हाच फॉर्म सगळं ठरवतो, त्यात कामाचे तास, पगार, कामाचं स्वरूप सगळं असतं. मी तो जोडायला विसरलो होतो. दोन आठवडे काही नाही, मग एक ओळीचं उत्तर आलं की फॉर्म नाही. म्हणजे ते दोन आठवडे वाया. नंतर सगळं पूर्ण पाठवलं, तीन आठवड्यांत "हरकत नाही" असं पत्र आलं. ते पत्र जपून ठेवा, पोस्टाने आलं असेल तर स्कॅन करा.

बारा महिन्यांनंतर बदलणाऱ्यांनाही माझा सल्ला आहे की कळवून ठेवा. जुनी नोकरी मुदतीआधी संपली की दोन आठवड्यांच्या आत ऑफिसला सांगणं हे तुमच्यावर बंधनकारक आहे, कलम ८२, आणि जुन्या कंपनीनेही चार आठवड्यांत ऑफिसला कळवायचं असतं. त्यांचा कागद गेला आणि तुमचा नाही गेला तर ते बरं दिसत नाही. शिवाय बारा महिन्यांनंतर कोणी पगार तपासत नाही म्हणून मर्यादेपेक्षा कमी पगाराची नोकरी धरली तर कार्ड वाढवताना किंवा पीआरच्या वेळी प्रश्न येणारच.

पीआरचं घड्याळ कंपनी बदलल्याने मागे जात नाही. ब्लू कार्डवर ए१ म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या जर्मनवर २७ महिने, बी१ म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिने. मध्ये दोन महिने रिकामे गेले तर ते दोन महिने मोजत नाहीत, बाकीचे तसेच राहतात. बी१चे सहा महिने वाचतात, पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जाऊन अर्धवट सोडलेला क्लास इथे पूर्ण करायला हे कारण पुरेसं आहे.

१८ए, १८बीवाले

तुमच्या कागदावर बहुधा कंपनीचं नाव असतं, म्हणजे तुम्हाला विचारायचं आहे. अर्ज आउसलेंडरबेहर्डेकडे, ते बुंडेसआगेंटूरला विचारतात, आणि तिथून दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरलं जातं. त्यामुळे उशीर झाला तर तो सहसा ऑफिसच्याच रांगेत होतो. सामाजिक विमा भरून दोन वर्षं नोकरी झाली असेल तर ही संमती लागत नाही, तेव्हा दोन वर्षांना दीड-दोन महिने कमी असतील तर जॉइनिंग तेवढी ढकलता येते का बघा. आणि डिग्री असेल व नवीन पगार ब्लू कार्डच्या मर्यादेत बसत असेल तर त्याच अर्जात सरळ ब्लू कार्डच मागा. १८बीवर पीआरला तीन वर्षं आणि बी१ लागतं, ब्लू कार्डवर किती ते वर सांगितलंच. एवढा फरक असून कित्येक जण केवळ कोणी सांगितलं नाही म्हणून १८बीवरच राहतात.

इथे एमएस करून नोकरी शोधण्याचं १८ महिन्यांचं कार्ड असलेल्यांना त्या काळात कुठलंही काम करता येतं, पण पहिली पक्की नोकरी लागली की लगेच कार्ड बदलून घ्या, पीआरचे महिने त्यानंतर सुरू होतात. चान्सेनकार्टेवर म्हणजे नोकरी शोधायला इथे येण्याच्या कार्डावर, जे जून २०२४ पासून सुरू झालं, आठवड्याला २० तासच काम चालतं, फुल टाइम रुजू व्हायचं तर आधी कार्ड बदला. बस, या दोघांचं एवढंच.

कागद जमवताना

पासपोर्ट, करार, वरचा तो लांब नावाचा फॉर्म, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, आरोग्य विम्याचं सर्टिफिकेट, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, घराचा करार. फोटो आता कागदाचा चालत नाही, मे २०२५ पासून डिजिटलच लागतो, काही ऑफिसांत मशीन आहे नाही तर फोटो स्टुडिओ आणि ड्रगस्टोअरवाले कोड देतात. फी शंभर युरोच्या आसपास. आयसीटीवरून येणाऱ्यांकडे पुष्कळदा प्रवासी किंवा खासगी एक्स्पॅट पॉलिसी असते, ती चालणार नाही, नवीन नोकरीच्या तारखेपासून रीतसर आरोग्य विम्याचं पत्र आधीच काढा, त्यासोबत सोशल सिक्युरिटी नंबरही निघतो.

डिग्रीसाठी आनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, त्यात विद्यापीठापुढे एच प्लस म्हणजे मान्यताप्राप्त आणि डिग्रीपुढे समकक्ष असा शेरा पाहिजे, दोन्हीच्या प्रिंट जोडायच्या. आपल्या लोकांची गंमत इथे होते. माझ्या सर्टिफिकेटवर पुणे विद्यापीठ आहे, २०१४ नंतरच्या पोरांच्या सर्टिफिकेटवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा, आणि कॉलेजचं नाव न टाकता डिग्री देणाऱ्या विद्यापीठाचं नाव टाका. सापडलंच नाही तर झेडएबी या संस्थेकडून तुलनेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, फी २०८ युरो, आणि ते ऑफर यायच्या आधी, आत्ताच काढून ठेवलेलं बरं, कारण एकदा काढलं की आयुष्यभर चालतं.

राजीनामा कसा द्यायचा

इथे मी स्वतः आपटलोय. मेलवर राजीनामा दिला, वर छान आभार वगैरे मानले, मॅनेजरने "ओके" लिहिलं आणि मी निवांत. महिनाअखेरीला एचआरचा फोन, मूळ पत्र कुठे आहे? जर्मन कायद्यात राजीनामा कागदावर, स्वतःच्या हाताच्या सहीनेच लागतो, मेल नाही, स्कॅन नाही, डिजिटल सही नाही, व्हॉट्सअॅप तर विसराच. माझं पत्र पोचेपर्यंत महिना उलटला आणि नोटीस पुढच्या महिन्यापासून मोजली गेली, नवीन कंपनीला जॉइनिंग पुढे ढकलायची विनंती करताना काय वाटलं असेल ते समजून घ्या. तेव्हा पत्र हातात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नाही तर रजिस्टर पोस्ट.

कायद्याने नोटीस चार आठवडे, महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी, प्रोबेशनमध्ये दोन आठवडे. पण करारात बहुतेक तीन महिने लिहिलेले असतात आणि तेच लागू. कंपनी म्हणाली की आपण आपसांत करार करून लवकर मोकळं करू, आउफहेबुंग्सफेरत्राग, तर नवीन नोकरीची तारीख पक्की असेल तरच सही करा. मध्ये गॅप पडला आणि बेकारभत्ता मागायला गेलात तर स्वतःहून नोकरी सोडली म्हणून सहसा १२ आठवडे काही मिळत नाही.

नवीन नोकरीतही सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तेही तुम्हाला काढू शकतात. घर, गाडी, आईवडिलांना बोलावणं असले मोठे बेत त्या सहा महिन्यांनंतर ठेवा.

मधल्या काळात कार्ड संपलं तर

कार्ड संपायच्या आधी अर्ज केलेला असेल तर ऑफिस उत्तर देईपर्यंत जुनं कार्ड चालू आहे असं धरलं जातं, आणि त्याचा कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, आपले लोक सरळ "फिक्शन" म्हणतात. "संपायच्या आधी" हे शब्द महत्त्वाचे, एक दिवस उशीर झाला तर सगळं बिघडतं, आणि टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट मिळत नाही हे कारण चालत नाही, ऑनलाइन फॉर्म किंवा मेल, तोही नाही तर पोस्टाने अर्ज टाका पण तारखेच्या आत टाका आणि पुरावा ठेवा. फिक्शनवर जुन्या अटीच चालू राहतात, म्हणजे जुन्या कंपनीत काम चालेल, नवीन कंपनीत नाही, जोपर्यंत ऑफिस त्या कागदावर तशी परवानगी लिहून देत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जायचं असेल तर त्या कागदावर कलम ८१चा परिच्छेद ४ खुणेने भरलेला आहे का बघा, तो असेल तर पासपोर्ट आणि जुनं कार्ड सोबत ठेवून परत येता येतं. परिच्छेद ३वर खूण असेल तर बाहेर गेलात की नवीन व्हिसाशिवाय आत येता येत नाही. विमानतळावर चेक-इनची मुलगी तुमच्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघते, मॅनेजरला बोलावते, तेव्हा एक तास आधी पोचा.

तीन महिने उलटूनही ऑफिसकडून काहीच हलत नसेल तर प्रशासकीय कोर्टात दाद मागता येते. बऱ्याचदा वकिलाचं तसं नुसतं पत्र गेलं तरी फाइल वर येते.

आणि नोकरी आपण सोडली नाही, गेली तर? तीन दिवसांत बुंडेसआगेंटूरकडे नोकरी शोधत असल्याची नोंद, दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहर्डेला कळवणं. कार्ड त्या दिवशी रद्द होत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे ब्लू कार्डवाल्याला बेकारीमुळे लगेच घालवत नाहीत, दोन वर्षांपेक्षा कमी काळ ब्लू कार्ड असेल तर तीन महिने आणि जास्त असेल तर सहा महिने शोधायला मिळतात. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारीचा विमा भरलेला असेल तर भत्ताही मिळतो, तो घ्यायला लाजू नका, तुमच्याच पगारातून गेलेले पैसे आहेत ते.

फ्रीलान्सचा मोह होतो अशा वेळी. ब्लू कार्ड असलं तरी स्वतःचा धंदा, बिलं फाडून काम, याला वेगळी परवानगी लागते, शनिवार-रविवार केलं तरी. आधी विचारा.

घरच्यांची कार्डं

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कुठलंही काम करायची मोकळीक असते, आयसीटीवाल्याच्या जोडीदारालाही. पण त्यांच्या कार्डाची तारीख तुमच्या कार्डाला जोडलेली असते, तेव्हा तुमचं बदललं की त्यांचंही त्याच टर्मिनला करून घ्या, मुलांसकट. आमच्याकडे माझं कार्ड चार वर्षांचं झालं आणि बायकोचं जुन्या तारखेला संपत होतं, तिच्या कंपनीच्या एचआरने तिला दोन महिने आधी विचारलं तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं.

पासपोर्टही सगळ्यांचे बघा. पासपोर्ट जितका तितकंच कार्ड देतात, दीड वर्ष उरलं असेल तर दीड वर्षाचंच कार्ड आणि परत फी, परत टर्मिन. म्हणून अर्ज करायच्या आधी बर्लिनची एम्बसी किंवा म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग यापैकी तुमच्या भागाच्या कॉन्सुलेटमधून नवीन पासपोर्ट काढा. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यावरचा पहिला व्हिसा पीआरच्या वेळी दाखवायला मागतात.